निकालपत्र कसं वाचावं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

निर्भीड न्यायाधीश म्हणावं तरी कुणाला, असं तू विचारलंस. अलाबामातला स्कॉट्सबरो खटला वाच.

मार्च १९३१. मालगाडीतून उतरवलेल्या नऊ कृष्णवर्णीय पोरांवर दोन गोऱ्या तरुणींनी बलात्काराचा आळ घेतला. पंधरवड्यात खटले उरकले, आठ जणांना मृत्युदंड. धड वकीलही मिळाला नव्हता, म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये शिक्षा रद्द केल्या. १९३३ मध्ये डिकेटर गावी न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांच्यापुढे हेवूड पॅटरसनवर फेरखटला चालला. दोघींपैकी एकीने पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, असं काही घडलंच नाही. तरीही सगळ्या गोऱ्या ज्युरीने, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, पॅटरसनला दोषी ठरवून मृत्युदंड दिला.

२२ जूनला हॉर्टननी तो निकाल रद्द केला. त्यांचं निकालपत्र शोध आणि पेन्सिल घेऊन वाच. ते फिर्यादीचा, म्हणजे आरोपावर ठाम राहिलेल्या दुसऱ्या तरुणीचा, जबाब एकेक विधान सुटं करून तपासतात. डोक्यात बंदुकीचा दस्ता मारला, रक्त आलं, असं ती म्हणते. डब्यात टोकदार खडी भरलेली, तिच्यावर पाठ टेकून सहा जणांचा अत्याचार सोसला म्हणते. मग दीड-दोन तासांत तपासणाऱ्या सरकारी पक्षाच्याच डॉक्टरला डोक्यावर जखम का दिसत नाही? अंगावर किरकोळ ओरखडेच का? नाडी आणि श्वास नेहमीसारखे कसे? धैर्य म्हणतात ते मला या प्रश्नांत दिसतं. बाहेर गाव खवळलेलं असताना माणूस शांतपणे जबाब आणि वैद्यकीय पुरावा शेजारी ठेवून ताडून पाहतो.

पण शेवटाकडे हॉर्टन घसरतात. अशा चारित्र्याच्या बायका खोटे आरोप करतातच, असा सूर लावतात. पुरावा पुरेसा असताना त्याची काडीची गरज नव्हती. तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढ, आदर वाटत असला तरी.

त्यांना किंमत मोजावी लागली. खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे गेला, पॅटरसन पुन्हा दोषी ठरला आणि १९३४ च्या निवडणुकीत हॉर्टन हरले. (तिथे न्यायाधीश निवडून यावे लागत, हे विसरू नकोस. आपल्याकडे ती टांगती तलवार नाही, बदलीची आहे.)

तुझ्या सरावाच्या निकालपत्रांत 'अमानुष', 'घृणास्पद' ही विशेषणं फार येतात. पुढच्या वेळी त्यातलं एकही न वापरता फक्त डॉक्टरच्या साक्षीवर दीड पान लिहून पाठव. उलटतपासणीतली उत्तरंही घे, ती तू नेहमी गाळतेस.

तुझा,
काका