पत्ता ऑप्शनने ठरतो, ऑब्जेक्टचे आयुष्य पॉलिसीने

प्रश्न : आमच्या कारखान्याचा हिंगणा एमआयडीसीतील सर्व्हर ‘टाओ’ या ओआरबीवर (प्रोग्रॅममधल्या विनंत्या पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असून बुटीबोरीतील क्लायंट कोर्बामार्फत (वेगवेगळ्या मशिनवरील प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याच्या मानकामार्फत) त्याला जोडले जातात. सर्व्हरच्या ऑब्जेक्टचा आयओआर (त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मजकूररूपी संदर्भ) प्रत्येक क्लायंटकडे फाइलमध्ये साठवलेला असतो. वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तो आयओआर निकामी होतो. पोर्ट कायम राहावे म्हणून ‘-ओआरबीलिसनएंडपॉइंट्स’ हा ऑप्शन कमांड लाइनवर दिला; पोर्ट कायम राहिले, पण आता ‘ऑब्जेक्ट नॉट एक्झिस्ट’ असे एक्सेप्शन (चूक कळवणारा संदेश) येते. शिवाय दोन ठिकाणांमधली लाइन तुटली की क्लायंटचा स्क्रीन बराच वेळ अडकून राहतो. आणखी कोणता ऑप्शन द्यावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्याला आणखी ऑप्शन नको, पॉलिसी (कोडमध्ये ठरवून द्यायचा नियम) हवी आहे. आलेले एक्सेप्शनच ते सांगते. पोर्ट चुकले असते तर जोडणी न झाल्यामुळे बहुधा ‘ट्रान्झियंट’ हे एक्सेप्शन आले असते. ‘ऑब्जेक्ट नॉट एक्झिस्ट’ याचा अर्थ विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, मात्र तिथे तिला आपला ऑब्जेक्ट सापडला नाही.

आयओआरमध्ये होस्ट आणि पोर्ट यांच्याबरोबर ऑब्जेक्ट की (तो ऑब्जेक्ट ओळखण्याची खूण) असते, आणि ती सर्व्हरकडील पीओए (आलेली विनंती योग्य ऑब्जेक्टकडे नेणारा भाग) तयार करतो. रूट पीओएची, म्हणजे सुरुवातीपासून असणाऱ्या मूळ पीओएची, लाइफस्पॅन (आयुष्य) पॉलिसी ‘ट्रान्झियंट’ (तात्पुरती; याच नावाच्या एक्सेप्शनशी तिचा संबंध नाही) असल्यामुळे त्याने दिलेले संदर्भ सर्व्हरची ती प्रोसेस चालू असेपर्यंतच ग्राह्य असतात, मग पोर्ट कितीही काळ तेच राहो. म्हणून ‘क्रिएट पीओए’ने एक वेगळा पीओए तयार करावा आणि त्याला लाइफस्पॅन ‘पर्सिस्टंट’ (टिकाऊ) व आयडी असाइनमेंट ‘यूजर आयडी’ (ऑब्जेक्टचा आयडी आपणच देणे) या दोन पॉलिसी द्याव्यात. सर्व्हर दरवेळी सुरू होताना पीओएचे नाव तेच राहिले पाहिजे, आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट ऑब्जेक्ट विथ आयडी’ला दिलेला आयडीही तोच राहिला पाहिजे. पोर्टचा ऑप्शन काढू नये. पत्ता आणि की दोन्ही स्थिर असतील तरच जुना आयओआर चालतो. या बदलानंतर नवा आयओआर क्लायंटना एकदा मात्र वाटावा लागेल.

इथे काही अडचणी हमखास येतात. पॉलिसी पीओए तयार करतानाच ठरतात, नंतर बदलता येत नाहीत, आणि नवा पीओए त्या आपल्या पालकाकडून घेत नाही. त्यामुळे रूट पीओएवर चालणारे इम्प्लिसिट अ‍ॅक्टिव्हेशन (संदर्भ मागताच ऑब्जेक्टची आपोआप नोंद होणे) नव्या पीओएवर चालणार नाही. संदर्भ ‘आयडी टू रेफरन्स’ने घ्यावा. ‘क्रिएट पीओए’ला पीओए मॅनेजरच्या (विनंत्या घेणे सुरू किंवा बंद ठेवणाऱ्या भागाच्या) जागी निल (रिकामे मूल्य) दिले तर नवा मॅनेजर तयार होतो आणि तो ‘होल्डिंग’ अवस्थेत असतो, म्हणजे मानकानुसार विनंत्या रांगेत थांबायच्या असतात, पण ‘टाओ’मध्ये अशी रांग नसल्याने क्लायंटला लगेच ‘ट्रान्झियंट’ हे एक्सेप्शन मिळते. म्हणून रूट पीओएचाच मॅनेजर द्यावा व तो अ‍ॅक्टिव्हेट केल्याची खात्री करावी.

ऑप्शनची नावे बहुतांशी त्या त्या ओआरबीची स्वतःची असतात. ‘टाओ’मध्ये जे काम आपल्या ऑप्शनने होते, त्यासाठी ‘ऑम्नीओआरबी’ या दुसऱ्या ओआरबीमध्ये ‘-ओआरबीएंडपॉइंट’ लिहावे लागते. पीओए आणि त्याच्या पॉलिसी मात्र १९९८ च्या कोर्बा २.२ पासून मानकाचा भाग आहेत. त्यामुळे जे पॉलिसीने साधते ते कोडमध्येच ठेवावे, आणि जागेनुसार बदलणारे होस्ट व पोर्ट एवढेच कमांड लाइनवर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बुटीबोरीच्या मशिनला हिंगण्याच्या सर्व्हरचे नाव ओळखता येत नसेल, तर ‘-ओआरबीडॉटेडडेसिमलअ‍ॅड्रेसेस १’ दिल्यावर आयओआरमध्ये नावाऐवजी आयपी पत्ता जातो.

स्क्रीन अडकण्यावरचा उपाय क्लायंटकडे आहे. ‘रिलेटिव्ह राउंडट्रिप टाइमआउट’ (उत्तराची वाट किती वेळ पाहायची) ही पॉलिसी तिथे लावावी. तिचे एकक १०० नॅनोसेकंद आहे, म्हणून ३ सेकंदांसाठी ३ कोटी हा आकडा द्यावा लागतो. मिलिसेकंद समजून ३००० दिले तर मुदत लगेच संपते आणि दोष नेटवर्कवर ढकलला जातो. ही पॉलिसी संपूर्ण ओआरबीला, एका थ्रेडला किंवा एकाच ऑब्जेक्ट संदर्भाला लावता येते, आणि संदर्भावरची पॉलिसी इतर दोन्हींवर मात करते. संदर्भावर पॉलिसी लावणारे ‘सेट पॉलिसी ओव्हरराइड्स’ हे फंक्शन नवा संदर्भ परत करते. जुन्यावर काहीच परिणाम होत नाही, तेव्हा पुढचे सर्व कॉल नव्या संदर्भावरच करावेत. ‘टाओ’मध्ये ही पॉलिसी मेसेजिंग लायब्ररीत असल्याने ती लिंक करायला विसरू नये.

मुदत संपली की ‘टाइमआउट’ हे एक्सेप्शन येते, पण त्यावरून सर्व्हरने काम केलेच नाही असे ठरत नाही. विनंती पोहोचून नोंद झाली असेल आणि फक्त उत्तर वाटेत राहिले असेल. वाचन मागणारा कॉल पुन्हा निर्धास्तपणे करता येईल. साठ्याची किंवा उत्पादनाची नोंद करणाऱ्या कॉलला मात्र क्लायंटने स्वतःचा व्यवहार क्रमांक जोडावा, आणि तो क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर सर्व्हरने दुसरी नोंद न करता पहिलेच उत्तर परत द्यावे.