बारावीला बायो नव्हतं, म्हणून काय झालं?

प्रश्न: मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.१. तिला पॉलिमरच्या चिपवर पेशी वाढवायच्या विषयात पीएचडी करून प्रोफेसर व्हायचंय. बारावीला बायो नव्हतं. आम्ही तिला कॅम्पसमधून आयटीत लागायला सांगितलंय. पीएचडीत लग्नालाही उशीर होतो. आमचं बरोबर आहे ना? (एक वडील, सांगली)

उत्तर: नमस्कार. लग्नाचं वाक्य तुम्ही मार्कांच्या मागे हळूच सरकवलंय, पण मला वाटतं खरं पत्र तेवढंच आहे. बायो नव्हतं वगैरे नंतर सुचलेली कारणं. आणि पोरीला हे का करायचंय ते तुम्ही विचारलंय की नाही, तेच पत्रात कुठे दिसत नाही. तुम्हाला माझ्याकडून 'बरोबर आहे' असा शिक्का हवाय, म्हणजे तो तिला दाखवता येईल. तो मी देणार नाही.

आता बायोचं. हा गैरसमज इतका पसरलाय की वैताग येतो. ही चिप कशी बनते बघा, सिलिकॉनच्या पातळ चकतीवर (वेफर) एसयू-८ नावाच्या पॉलिमरचा साचा करायचा, त्यावर पीडीएमएस म्हणजे रबरासारखं पारदर्शक सिलिकोन ओतायचं, भट्टीत घट्ट झालं की सोलून काढायचं आणि प्लाझ्मा (विजेने भारलेला वायू) मारून काचेला चिकटवायचं. आत केसाएवढ्या नळ्या तयार होतात. त्यातून पाणी कसं वाहतं, पडदा किती ताणला जातो, हे सगळं मेकॅनिकलचंच की! २०१० साली हार्वर्डच्या 'वीस' (Wyss) नावाच्या इन्स्टिट्यूटमध्ये फुप्फुसाची चिप झाली, त्यात पातळ पडद्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या, आणि पडदा श्वासासारखा ताणायचा. पीडीएमएस काही औषधांचे रेणू स्वतःच शोषून घेतं, मग चिपवर औषध तपासताना टेस्टचा आकडा चुकतो, ही डोकेदुखीसुद्धा मटेरियलवाल्यांचीच. स्टॅनफर्डला बायोइंजिनिअरिंग शिकवणारे मनू प्रकाश आयआयटी कानपूरचे कॉम्प्युटर सायन्सवाले आहेत. पेशी कशा सांभाळायच्या ते लॅबमध्ये शिकवतात हो.

गेट (इंजिनिअरिंगनंतरची प्रवेश परीक्षा) द्यावी लागेल, ते तिला माहीत असणारच. पैशाचं मात्र स्पष्ट सांगतो, जेआरएफला (संशोधकाची फेलोशिप) महिना ३७ हजार, पीएचडीला पाचेक वर्षं, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), आणि प्रोफेसरची पोस्ट मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. घरावर कर्ज असेल तर ते तिला आत्ताच सांगा, लग्नाच्या आड लपवू नका.

माझं ऐकाल तर आत्ता पीएचडी की आयटी हा वादच बंद करा. या उन्हाळ्यात तिला एखाद्या मायक्रोफ्लुइडिक्सच्या (अशा बारीक नळ्यांतल्या प्रवाहाच्या) लॅबमध्ये दोन महिने इंटर्नशिप करू द्या, पुण्या-मुंबईतल्या प्रोफेसरांना तिनेच मेल टाकायचे, तुम्ही नाही. तिथे नळीत एक बुडबुडा अडकला की अख्ख्या दिवसाचं काम पाण्यात जातं. ती वैतागून परत आली तर कॅम्पस ऑगस्टमध्ये आहेच. आणि जेवताना बुडबुड्याबद्दलच बोलत बसली, तर आयटीचं नाव काढू नका.