कार्ड उलटण्याआधी उत्तर आठव

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. पहाटे उठवणारं, पाणी प्यायची आठवण करणारं, पावलं मोजणारं, सवयींपुढे रोज खूण करायला लावणारं, जाडजूड पुस्तकांचा पंधरा मिनिटांत सारांश ऐकवणारं, इंग्रजी शिकवणारं, सराव प्रश्नपत्रिका सोडवून घेणारं. यातली कोणती ॲप्स ठेवू, असं विचारलंस. दिवसभर गणवेशाच्या कारखान्यात मशीनवर बसून रात्री सरळसेवेचा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या हाती दोन-अडीच तास उरतात. तेवढ्या वेळात सात ॲप्स सांभाळणं हेच एक वेगळं काम होऊन बसेल. म्हणून प्रत्येकाला एकच कसोटी लाव: हे माझ्याकडून अवघड काम करून घेतं, की केलेल्या कामाची नुसती नोंद ठेवतं? करून घेणारं ठेव. त्या हिशेबाने तुझ्या यादीत प्रश्नपत्रिकांचं तेवढं राहतं.

यादीत नसलेलं एक मात्र आजच घे. त्याचं नाव अँकी. 2006 पासून ते आहे, आणि अँड्रॉइडवर ‘अँकीड्रॉइड’ नावाने मोफत मिळतं. दिसायला रुक्ष आहे, पण त्याकडे बघू नकोस. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, अशी कार्डं तू करायची. प्रश्न दिसला की उत्तर मनात पूर्ण आठवायचं आणि मगच कार्ड उलटायचं. आठवलं नाही, जड गेलं, जमलं की सोपं होतं, ते प्रामाणिकपणे सांगायचं. जमलेलं कार्ड आधी काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी समोर येतं. चुकलेलं लगेच परत येतं.

यामागे जुनी समज आहे. एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून ते किती लवकर विसरतात हे मोजलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. तुझ्यासाठी त्याहून महत्त्वाचा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक यांचा, 2006 चा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. अभ्यासिकेत रात्री तेच पान तिसऱ्यांदा वाचताना सगळं येतंय असं तुला वाटतं ना, ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं. तुझी परीक्षा काही महिन्यांनी आहे.

कार्डं स्वतः कर. दुसऱ्याची तयार हजार कार्डं उतरवून घेऊ नकोस, कारण काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवतानाच अर्धा अभ्यास होतो. आणि कार्ड लहान ठेव. सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं सांगा, असं एकच कार्ड केलंस तर दर वेळी तीन आठवतील आणि चौथं निसटेल. त्याऐवजी तुकडे कर. सोलापुरात मार्शल लॉ कोणत्या वर्षी लागला? 1930. चौघांना फाशी कोणत्या तुरुंगात झाली? येरवडा. कोणत्या दिवशी? 12 जानेवारी 1931. मग मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांतलं एक-एक नाव गाळून चार कार्डं. पार्क चौकातल्या त्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना ही नावं मनातल्या मनात म्हणून बघ. ही माणसं परीक्षेपुरती लक्षात ठेवायची नाहीत, हे तुला सांगायची गरज नाही.

ॲप रोज वीस नवी कार्डं दाखवतं. तो आकडा दहावर आण. वीस ठेवलेस तर काही आठवड्यांत उजळणीचीच कार्डं शे-दीडशेवर जातात आणि पोरं तिथेच सोडून देतात.

आता ॲप सलग किती दिवस वापरलं ते दाखवणाऱ्या आकड्याविषयी. इंग्रजीच्या ॲपवर तो तुटला म्हणून तू दोन दिवस खट्टू होतास, हे मला आवडलं नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तुमच्याकडे जादा पाळ्या लागतात, जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते. ते दिवस चुकतील. दुसऱ्या दिवशी परत बसलास की झालं.

दहा हजार पावलांचंही असंच. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. दिवसभर बसून काम करणाऱ्याने चालायलाच हवं, पण त्याला ॲप कशाला? पहाटे कंबर तलावाच्या बाजूला फिरून ये, उन्हाळ्यात तर सातच्या आत. मोबाईल घरी ठेव.

इंग्रजीसाठी तुझ्याच मोबाईलमधला आवाज रेकॉर्ड करणारा भाग वापर. रोज एक मिनिट बोल: आज किती शर्ट निघाले, कोणता माल परत आला, मुकादम काय म्हणाला. लगेच ऐक, आणि अडखळलास तेवढं वाक्य पुन्हा बोल. मुलाखतीत तोंड उघडावं लागतं, आणि चार पर्यायांतून शब्द निवडून ती सवय लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो मुख्यतः पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडसाठी ओळखला जातो. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तो कोड पुस्तकाच्या पानावरच होता. मूल पुस्तक उघडून बसलं की मगच मोबाईल मदतीला यायचा. तुझ्या टेबलावरही हाच क्रम असू दे.

दोन कामं आज रात्रीच उरक. सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये जाऊन रील्सच्या ॲपला रोजची वेळ बांधून दे, आणि फोन कॉल सोडून बाकी सूचना बंद कर. दुसरं, पैशांच्या ॲपमध्ये ऑटोपे उघडून बघ. सात दिवस मोफत म्हणून जिथे जिथे मंजुरी दिलीस, तिथून दर महिन्याला पैसे जात असतील. ॲप काढून टाकलं म्हणून ती मंजुरी रद्द होत नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. आठवड्याच्या पगारातले ते पैसे तुझ्या घरी लागतात.

रविवारी दुपारी घरी ये. पहिल्या आठवड्याची कार्डं बघू, कोणत्या कार्डावरचा मजकूर फार लांबलाय ते मला पाहायचंय. आणि एक रेकॉर्डिंग मला ऐकव, चुका काढून न टाकता.

तुझे
सर