कथा पंधराव्या पानावर अडली आहे. नव्याने सुरुवात करू की तशीच पुढे रेटू?

रेटा. पहिल्यापासून लिहायला बसाल तर सुरुवातीची पानं आणखी गुळगुळीत होतील, बाकी काही होणार नाही.

नवरा-बायको स्वयंपाकघरात बोलताहेत आणि कथा तिथून हलत नाही, आणि तुमचे सर म्हणतात आधी आराखडा करा, असं तुम्ही लिहिलंय. हे ‘आराखडा’ वाचलं आणि मला राहवलं नाही.

ठाण्यात नौपाड्याला आमची कथा वाचायची बैठक भरते. तिथे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. माझी कथा कांदा-बटाटा बाजारातल्या एका आडत्याची होती, म्हणजे शेतकऱ्याचा माल आडतीवर, दलालीवर, विकून देणाऱ्याची. १९८१ साली हा बाजार मुंबईच्या मस्जिद बंदरहून नवी मुंबईत तुर्भ्याला हलला, तेव्हाची. बापाला तुर्भ्याला गाळा घ्यायचाय, पोराला धंदाच नकोय. दोघं समोरासमोर आले की नाटकातल्यासारखे संवाद म्हणायला लागायचे. गृहस्थ म्हणाले, “शेवट ठरवलेला नाहीस, म्हणून अडलीस.” अहो, शेवट मला आधीपासून ठाऊक होता! पोरगा जाणार, बाप एकटा तुर्भ्याला येणार. मग म्हणाले, प्रसंगांची यादी कर. यादीत तो प्रसंग एका ओळीत बसतो, ‘बाप-लेकाचं भांडण’. मी अडले होते ती त्याच ओळीवर, मग ती लिहून मिळालं काय?

माझे मामा आडत्या. मी ठाण्याहून वाशीची लोकल पकडून तुर्भ्याला उतरले. त्यांना कथेबद्दल काही बोलले नाही. एवढंच विचारलं, दुपारी गाळ्यावर बाप-लेक करत काय बसायचे? म्हणाले, पट्ट्या. शेतकऱ्याचा माल विकला की त्याच्या नावाने पट्टी बनायची. गोणी, वजन, भाव, आणि त्यातून आडत, हमाली, तोलाई म्हणजे वजन करायची मजुरी, गाडीभाडं वजा.

मग बापाला पट्ट्या सांगायला बसवलं आणि पोराला लिहायला. एका जुन्या शेतकऱ्याच्या पट्टीत वजा करायची तोलाई बाप सांगतच नाही. पोरगा लिहायचा थांबतो. “ही कुणाच्या खिशातून?” पुढचं भांडण त्या आकड्यांतूनच आलं, आणि धंदा सोडायचा विषय दोघांपैकी कुणी तोंडातून काढलासुद्धा नाही. बैठकीत वाचली तर गृहस्थ म्हणतात, “बघ, आराखडा नीट झाला की कसं जमतं!” यावर काय बोलणार?

तर तुमच्या स्वयंपाकघरात ती बाई करतेय काय? ‘बोलतेय’ हे उत्तर चालणार नाही. पोळ्या लाटतेय, की पाणी जायच्या आत पिंप भरतेय? नवऱ्याला त्यातलं काय जमत नाही? ते आधी लिहा. स्फूर्तीसाठी तलावपाळीला फेऱ्या मारून पाय दुखतात, कथा सुटत नाही.

रहस्यकथा असेल तर मात्र तुमच्या सरांचं ऐका, खुनी कोण हे पंधराव्या पानावर ठरवता येत नाही. आणि दिवाळी अंकाची मुदत तोंडावर असेल तर अडलेल्या प्रसंगाला एका ओळीची जागा सोडून पुढचा प्रसंग लिहायला घ्या. फक्त पाठवण्याआधी ती ओळ भरायला विसरू नका, संपादक ती तशीच छापूही शकतात.