39 फुटांवर असतानाच

प्रिय भावा,

काल आपली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांची मीटिंग संपायच्या आधीच तू उठून गेलास. चप्पल घालता घालता म्हणालास, "काका, चार महिने झाले, एक थेंब घेतला नाही. तरी घरात मला कोण माणसात धरत नाही. मग सोडली कशाला?" दारात उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता आलं नसतं. रात्री झोप येईना, म्हणून लिहायला बसलोय.

तुझी तक्रार खोटी नाही. बायको अजून माहेरी आहे, वडील दुकानाची किल्ली देत नाहीत, जरा उशीर झाला की आई जवळ येऊन तोंडाचा वास घेते. झोंबतंच ते. मला काळजी वाटली ती तुझ्या शेवटच्या वाक्याची. "मग सोडली कशाला" हे वाक्य मी माझ्याच तोंडून ऐकलेलं आहे.

आपण कोल्हापूरची, पंचगंगेकाठची माणसं. पावसाळ्यात सकाळी उठलं की आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. चिखली-आंबेवाडीची जाणती माणसं 43 व्हायची वाट बघत नाहीत. जनावरं आधी हलवतात, कारण गोठ्यात पाणी शिरल्यावर बिथरलेली म्हैस बाहेर काढणं सोपं नसतं. 2019 ला पाणी 50 च्याही वर गेलं. "एवढं काय येत नाही" म्हणत घरात बसलेल्यांना तेव्हा बोटीतून काढावं लागलं. स्वतःची कीव यायला लागली की आपलं पाणी 39 ला पोचलं, असं मी धरतो. बाटली अजून लांब असते, रस्ते उघडे असतात. तेवढ्यातच हलायचं असतं.

माझं सांगतो. सोडून सात महिने झाले होते. दिवाळीत आमच्या वर्कशॉपातल्या कामगारांचा बोनस दर वर्षी मी वाटायचो, त्या वर्षी माझ्या भावानं माझ्यादेखत स्वतः वाटला. मी काही बोललो नाही. रंकाळा तलावावर जाऊन बसलो. दोन तास नुसता हिशेब केला: कुणी काय बोललं, कुणी चहा विचारला नाही, कोण मला टाळून पुढं गेलं. भावा, त्यात एक गोडी असते. आतल्या आत आपणच आपल्या पाठीवरून हात फिरवत असतो. हे कबूल करायला मला लय वर्षं लागली. मग उठलो आणि दारूचं दुकान गाठलं. पुढं मी सगळ्यांना सांगायचो की पाय आपोआप तिकडं वळले. आपोआप काही वळले नव्हते, दोन तास मीच त्यांना वाट दाखवत होतो. ती स्लिप, म्हणजे पुन्हा पिणं, अकरा दिवस चाललं आणि दवाखान्यात थांबलं.

त्यानंतर अण्णांनी, म्हणजे मला हात धरून कार्यक्रमात आणणाऱ्या माणसानं, कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीची, म्हणजे स्वतःला तपासायची वही करायला लावली. तू पायऱ्या वाचल्यास, पण ही वही अजून केली नाहीस. पानावर उभ्या रेघा मारायच्या. राग कुणावर, कशामुळं, त्यानं माझं काय दुखावलं, आणि शेवटच्या रकान्यात, त्यात माझा हात किती. पहिले तीन रकाने मी झरझर भरले. अकरा पानं झाली. अण्णांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "हे समदं बरोबर हाय. पण शेवटचा रकाना कोरा का?"

मी लिहिलं होतं, भावानं मला न विचारता लेथ मशीन विकलं. त्याच्यापुढं काय लिहायचं, यावर मी तीन दिवस अडलो. शेवटी लिहिलं: त्या लेथच्या कर्जाचे पाच हप्ते मी प्यालो होतो. लिहून झाल्यावर रडलो. पण ते रडणं रंकाळ्यावरच्या बसण्यासारखं नव्हतं, त्यानंतर भूक लागली. मी भावाकडं गेलो, हप्त्यांचं बोललो. वर्कशॉपची किल्ली त्यानं त्यानंतरही दीड वर्षांनी दिली, हेही तुला सांगून ठेवतो.

याचा अर्थ दुःख करायचंच नाही, असा घेऊ नकोस. लेकीचं पहिलं वर्ष तुझ्या हातून निसटलं, त्याचं वाईट वाटणारच, वाटू दे. मी ओळखायची खूण अशी ठेवली आहे: दुःखात मला लेक आठवते, कीव आली की तिच्यातही मीच दिसतो.

आणखी एक. पहिल्या काही महिन्यांत झोप मोडते, चिडचिड होते, मन कारण नसताना पडतं. मेंदू दारूविना चालायला शिकत असतो, त्याला वेळ लागतो. म्हणून उपाशी राहू नकोस, जागरण करू नकोस, रागात एकटा बसू नकोस. पण दोन आठवडे सलग मन उठलंच नाही, कशातच गोडी राहिली नाही, किंवा जगून काय करू असं एकदा जरी मनात आलं, तर ती कीव नव्हे, आजार आहे. मग माझी वही बाजूला ठेव आणि मनोविकारतज्ज्ञांकडं चल, मी सोबत येतो. 14416 वर टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

1935 च्या मे महिन्यातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा आठवतो. बिल विल्सन अमेरिकेतल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फसलं. खिशात फारसे पैसे नाहीत, हॉटेलात एकटा, समोर बारमधल्या माणसांचा आवाज. सोडून जेमतेम पाच-सहा महिने झालेले. तुझ्यापेक्षा त्याचं काही बरं चाललं नव्हतं. त्यानं फोन गाठला आणि एखादा दारुडा भेटेल का, अशी चौकशी सुरू केली. त्याला बोलायला तसाच माणूस हवा होता. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले, आणि आपली मीटिंग तिथून निघाली. स्वतःची प्यायची ओढ आवरायला तो दुसऱ्याला शोधत होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

परवा एक पोरगा आलाय, सोडून सहाच दिवस झालेत. हात अजून कापतात. डॉक्टरांचं औषध चालू आहे, पण संध्याकाळी पाच ते आठ त्याला जड जातात. मी त्याच्याशी बोलतो, पण माझी इतकी वर्षं बघून तो बिचकतो. तुझे चार महिने त्याला हाताशी आल्यासारखे वाटतील. त्याला घेऊन गंगावेशीला दूध कट्ट्यावर जा, धारोष्ण दूध पाज, त्याचं ऐक. तुझं सांगायची घाई करू नकोस.

रविवारी अर्धा तास आधी ये, सतरंज्या तू घाल. येताना शंभर पानी वही आण, रेघा मी मारून देतो. शेवटचा रकाना कोरा असला तरी आण.

तुझाच,
उद्यमनगरचा काका