फर्स्ट बेसमनची बॅट जोखताना

प्रिय बाळ,

बेसबॉलच्या मायनर लीगमधल्या त्या फर्स्ट बेसमनवरचा, म्हणजे पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकावरचा, तुझा स्काउटिंग अहवाल काल रात्री दोनदा वाचला. फोन करण्याऐवजी लिहायला बसलो, कारण हे फोनवर नीट सांगता आलं नसतं. मेहनत दिसते. त्या पोराचं वय, उंची, होम रन (थेट कुंपणापलीकडचे फटके), कुठल्या मैदानावर किती मारले, सगळं तू मांडलं आहेस. मला जे सगळ्यात आधी हवं होतं तेवढंच त्यात सापडलं नाही. तो आऊट कसा होतो? कुठला चेंडू त्याला खेळता येत नाही, आणि एप्रिलमध्ये जो येत नव्हता तो ऑगस्टमध्ये येतो का?

शॉर्टस्टॉपबद्दल, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाबद्दल, मी इतक्या कडकपणे विचारलं नसतं. शॉर्टस्टॉपची बॅट थोडी कमी पडली तरी त्याचा ग्लोव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षण, त्याला सांभाळून घेतो. फर्स्ट बेसमनला तो आधार नाही. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी क्षेत्ररक्षणाच्या जागांची जी उतरंड मांडली, तिच्यात शॉर्टस्टॉप अवघड टोकाला आहे आणि फर्स्ट बेस सोप्या टोकाला. पाय जड झाले, खांदा गेला, की खेळाडू त्या सोप्या टोकाकडे सरकत येतो. उलटा प्रवास क्वचितच होतो. म्हणजे तुझ्या अहवालातला बावीस वर्षांचा पोरगा आजच शेवटच्या थांब्यावर उभा आहे. वर त्याची स्पर्धा फक्त फर्स्ट बेसमनशी नाही. थर्ड बेसवरून, आऊटफिल्डमधून, कॅचरच्या जागेवरून उतरलेले दणकट बॅटर त्याच एका खुर्चीसाठी येणार. तिथे बरी बॅट पुरत नाही.

आणि तो उजव्या हाताने बॅट धरतो, उजव्याच हाताने फेकतो. जुने स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, अशा फर्स्ट बेसमनकडे संशयाने पाहतात ते उगाच नाही. डावखुऱ्या खेळाडूला सेकंड, थर्ड, शॉर्टस्टॉप या जागा जवळजवळ बंदच असतात, त्यामुळे तो फर्स्ट बेसवर आला तर त्यात नवल नाही. उजव्या हाताने फेकणारा तिथे आला याचा अर्थ बहुधा असा की बाकीच्या जागा त्याला झेपल्या नाहीत. शिवाय बहुतेक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, उजवे. उजव्या बॅटरला रोज उजव्याच पिचरचा स्लायडर, म्हणजे आडवा वळणारा चेंडू, खेळायचा असतो, आणि तो चेंडू त्याच्यापासून दूर पळत जातो. तुझ्या अहवालात डाव्या आणि उजव्या पिचरविरुद्धचे आकडे वेगळे नाहीत. ते आधी वेगळे कर. फक्त डाव्यांना झोडपणारा उजवा फर्स्ट बेसमन आठवड्यातून दोन दिवस खेळतो.

पण हा संशय डोक्यात पक्का बसू देऊ नकोस. पॉल गोल्डश्मिटचं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. २००९ साली अॅरिझोनाने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, आठव्या फेरीत घेतलं. उजवा-उजवा, कॉलेजातून आलेला, कुणाला फारशी घाई नव्हती. २०१० मध्ये मायनर लीगमध्ये व्हिसेलियाला त्याने ३५ होम रन मारले, पण १३८ सामन्यांत १६१ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला आणि वॉक, म्हणजे चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट मिळालेला फर्स्ट बेस, मिळाले ५७. त्यावर ‘कॅलिफोर्निया लीग आहे, तिथे सगळेच मारतात, एवढे स्ट्राइकआउट घेऊन वर टिकणार नाही’ असं कुणी म्हटलं असतं तर ते गैर नव्हतं. पुढच्या वर्षी तो मोबीलला, डबल-ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, गेला. पिचर जास्त चांगले, ब्रेकिंग बॉल, म्हणजे वळणारे चेंडू, जास्त अचूक. तिथे १०३ सामन्यांत ३० होम रन, ९२ स्ट्राइकआउट आणि ८२ वॉक. १ ऑगस्ट २०११ ला तो मधल्या ट्रिपल-ए ला न थांबता सगळ्यात वरच्या मेजर लीगमध्ये उतरला, आणि २०२२ मध्ये सेंट लुइसकडून खेळताना नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला.

त्या दोन वर्षांतले होम रन बाजूला ठेव आणि नुसते स्ट्राइकआउट आणि वॉक शेजारी मांड. पायरी अवघड झाली आणि तरी तो कमी हुकला, जास्त चेंडू सोडले. बॅट आणि चेंडू यांच्यातली फट बुजत होती. आपलं काम ती फट शोधणं आणि ती बुजतेय की रुंदावतेय हे बघणं आहे. तुझ्या पोराचे स्ट्राइकआउट खालच्या हाय-ए मधून डबल-ए मध्ये आल्यावर वाढले आहेत. तू ते एका वाक्यात उरकलंस. अहवाल तिथून सुरू व्हायला हवा होता.

दुसरा दाखला मात्र मला अजून बोचतो. ए. जे. रीड, ह्यूस्टनचा, डावखुरा बॅटर. २०१५ मध्ये हाय-ए च्या लँकेस्टर आणि डबल-ए च्या कॉर्पस क्रिस्टी मिळून ०.३४० ची सरासरी, म्हणजे शंभरात चौतीस वेळा हिट, आणि ३४ होम रन. लँकेस्टर म्हणजे वाळवंटातलं मैदान, संध्याकाळी वारा सुटला की साधा उंच चेंडूही कुंपणापलीकडे जायचा. आपल्याकडच्या पाट्या विकेटवरची द्विशतकं जशी मोजतात, तसे तिथले होम रन मोजावे लागत. पण रीडने पुढे डबल-ए मध्येही मारलं. त्याचे स्ट्राइकआउटही फार नव्हते, वॉक भरपूर होते. कागदावर सगळं जुळत होतं. २०१६ मध्ये मेजर लीगच्या ४५ सामन्यांत त्याची सरासरी ०.१६४. खाली पाठवला, २०१७ मध्ये ट्रिपल-ए ला पुन्हा ३४ होम रन. वर जम कधीच बसला नाही.

म्हणून स्ट्राइकआउट-वॉकचं गणित मी तुला सांगतो आहे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. मायनर लीगमध्ये बॅटर कुणाला मारतो हे बघ. चुकलेला स्लायडर, प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या पाटीच्या, मधोमध आलेला ताशी ९१ मैलांचा फास्टबॉल यांच्यावर वर्षाला तीस होम रन काढता येतात, कारण खाली असे चेंडू रोज येतात. वर ते कित्येक दिवस येत नाहीत. ताशी ९५ मैलांच्या पुढचा, छातीच्या उंचीचा किंवा अंगाजवळचा फास्टबॉल त्या पोराने या मोसमात किती वेळा बॅटच्या मध्यावर घेतला? व्हिडिओ काढून एकेक चेंडू मोज. कंटाळवाणं काम आहे, रात्र जाईल. पण त्या तीस-चाळीस चेंडूंत पाचशे चेंडूंपेक्षा जास्त लिहिलेलं असतं.

मैदानाबद्दल आणखी थोडं. २०१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या डबल-ए संघात, रेडिंगला, दोन पोरं एकाच मोसमात धो धो मारत होती. आऊटफिल्डर डिलन कोझेन्सने ४० होम रन मारले, फर्स्ट बेसमन ऱ्हीस हॉस्किन्सने ३८. मैदान बॅटरच्या सोयीचं, दोघांनाही तेच. पण कोझेन्सचे स्ट्राइकआउट १८६ होते आणि हॉस्किन्सचे १२५. पुढच्या वर्षी ट्रिपल-ए ला हॉस्किन्सने ६४ वॉक घेतले, ७५ स्ट्राइकआउट दिले. मग ऑगस्टमध्ये वर आला आणि पहिल्या ३४ सामन्यांत १८ होम रन ठोकले. इतक्या लवकर तिथवर कुणीही पोचलं नव्हतं. कोझेन्सच्या नावावर मेजरमधला एकच होम रन आहे. दोघांच्या होम रनमध्ये दोनाचा फरक होता. बाकीचा सगळा फरक त्यांनी सोडलेल्या चेंडूंमध्ये होता.

उलट बाजूही असते. ख्रिश्चन वॉकर २०१७ च्या सुरुवातीला काही आठवड्यांत बॉल्टिमोर, अटलांटा, सिनसिनाटी असा फिरत अॅरिझोनाला पोचला. त्या वर्षी त्यांच्या ट्रिपल-ए संघात, रेनोला, ३२ होम रन मारून तो पॅसिफिक कोस्ट लीगचा एमव्हीपी झाला. रेनो समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर, हवा विरळ, चेंडू लांब जातो. तेव्हा ‘रेनोचे होम रन’ म्हणून ते झटकून टाकणं सोपं होतं. वर त्याची जागा अडवून गोल्डश्मिटच बसला होता. गोल्डश्मिट सेंट लुइसला गेल्यावर २०१९ मध्ये वॉकरला रोज खेळायला मिळालं, त्याने २९ मारले, आणि २०२२ मध्ये ३६. मैदानाची सूट वजा कर, पण माणूसच वजा करू नकोस.

वयाचा रकाना तू भरलास, पण वापरला नाहीस. फ्रेडी फ्रीमन एकोणिसाव्या वर्षी डबल-ए मध्ये पोचला तेव्हा ४१ सामन्यांत त्याचे दोनच होम रन होते. नुसता आकडा बघणाऱ्याने तिथेच नाव खोडलं असतं. समोरचे पिचर त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे होते. तुझा पोरगा बावीसचा, म्हणजे त्या पायरीला किंचित लहान. बरं आहे, पण त्याचं भांडवल करण्याइतकं नाही.

आता यंत्राचे आकडे. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो हे मोजायची सोय आली ही आमच्या पिढीला न मिळालेली चैन आहे, ती मनापासून वापर. फक्त त्या पोराचा एक सर्वाधिक वेगाचा फटका अहवालात मिरवू नकोस. एकदा दणका कुणालाही बसतो. त्याच्या सर्वांत जोरदार दहा टक्के फटक्यांचा वेग बघ, ताशी ९५ मैलांच्या पुढचे फटके किती टक्के आहेत ते बघ, आणि ते कुठल्या कोनात जातात ते त्याच्या शेजारी लिही. जोरात मारून चेंडू जमिनीत घालणारा मंद पायांचा फर्स्ट बेसमन शॉर्टस्टॉपला सराव देतो, बाकी काही नाही. आणि कुठला आकडा किती लवकर खरं बोलायला लागतो याचं भान ठेव. स्ट्राइकआउटचं प्रमाण साठेक वेळा बॅटिंगला आल्यावर आकार घेतं, वॉकचं सव्वाशेच्या आसपास. सरासरी मात्र अख्खा मोसम संपला तरी फसवू शकते. तू त्याच्या मे महिन्यातल्या ०.३५० वर एक पूर्ण परिच्छेद खर्च केला आहेस. तो काढून टाक.

मी हे इतक्या जोराने सांगतो आहे, कारण मी यात चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका फर्स्ट बेसमनच्या बॅटिंग प्रॅक्टिसच्या प्रेमात पडलो. सामन्याआधी पाच वाजता तो चेंडू स्कोअरबोर्डच्या वर पाठवायचा, आणि त्या ठक्क आवाजाने अंगावर काटा यायचा. मी त्याच्या पॉवरला ७० दिले. वीस ते ऐंशीच्या मापावर ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, तेव्हा ७० हा केवढा मोठा शब्द आहे ते तुला कळेल. ताकद खरी होती. पण प्रॅक्टिसमध्ये कोच साठ मैलांनी, एकाच उंचीवर चेंडू देतो. सामन्यात खाली बुडणाऱ्या चेंडूवर तो बॅट फिरवायचा, दरवेळी. मला ते दिसत होतं, मी वहीत लिहिलंही होतं, आणि तरी अहवालात खाली कुठेतरी ढकललं. तो डबल-ए च्या पुढे गेला नाही. त्या पोराच्या घरच्यांना मी चार शब्द आशेचे बोललो होतो. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी मैदानात बसायची जागा बदलली. पहिले दोन दिवस प्लेटच्या मागे, कारण चेंडू कुठून वळला ते तिथूनच कळतं. मग उजव्या बॅटरसाठी फर्स्ट बेसच्या बाजूला, कारण तिथून त्याची छाती, हात आणि पुढचा पाय समोर दिसतात. पुढचा पाय टेकला की त्याचे हात मागे थांबतात, की शरीराबरोबर पुढे वाहून जातात? चेंजअपला, म्हणजे फसवून मंद टाकलेल्या चेंडूला, फसला तरी हात मागे असतील तर तो काहीतरी करू शकतो. हात गेले असतील तर चेंडू संपला. आणि न मारलेल्या चेंडूंकडे टक लावून बघ. दोन स्ट्राइक झाल्यावर प्लेटबाहेर जाणारा स्लायडर सोडताना त्याचा गुडघा हलतो का, खांदा उघडतो का, की तो शांतपणे, शेवटपर्यंत बघून सोडतो? चांगल्या बॅटरचं सोडणंही ठाम असतं, हे तू लहानपणी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून पाहिलेलं आहेस. नजर तीच वापरायची आहे, खेळ वेगळा.

मोजे, हेल्मेट, डगआऊटमधली चिडचिड यांवर तू जे लिहिलंस ते ठीक आहे, एका ओळीत ठेव.

आता काय करायचं ते सांगतो. मायनर लीगमध्ये हल्ली मंगळवार ते रविवार अशी एकाच संघाशी सहा सामन्यांची मालिका असते. तू गेल्या वेळी मंगळवार-बुधवार बघून परतलीस. या वेळी रविवारपर्यंत थांब. पहिल्या दोन दिवसांत समोरचा संघ त्याची फट शोधतो, गुरुवारी ती सापडते, आणि मग प्रत्येक पिचर तिथेच टाकत राहतो. शुक्रवारी-शनिवारी तो काय करतो ते मला हवं आहे. प्लेटपासून थोडा मागे सरकला का? दोन स्ट्राइकनंतर बॅट आखूड धरली का? तो चेंडू त्याने एकदा तरी फाऊल करून, म्हणजे रेषेबाहेर मारून, स्वतःला जिवंत ठेवलं का? तीन वेळा स्ट्राइकआउट होऊनही चौथ्या वेळी तोच चेंडू सोडणारा पोरगा मला गुरुवारी दोन होम रन मारणाऱ्यापेक्षा जास्त आवडेल.

जाकीट घेऊन जा, रात्री गारठा पडतो. आणि वही स्वच्छ लिहून काढू नकोस, तशीच खाडाखोडीसकट पाठव. रविवारच्या सामन्यात त्याने सोडलेला प्रत्येक चेंडू मला त्यात दिसायला हवा.

तुझा,
काका