हिमालयन घेतलीस, पण लगेच लडाख नको

अभिनंदन मित्रा! सेकंडहँड असली तरी रॉयल एनफिल्डची ही ४११ सीसीची हिमालयन दणकट गाडी आहे. लडाखचं पुढच्या वर्षी बघू. आधी पुणे–ताम्हिणी–माणगाव–दिवेआगर असा दोन दिवसांचा फेरा मार. घाट, खड्डे, दमट हवा, सगळं त्यातच भेटतं.

पैसे जादा दिवे आणि पेट्यांवर उडवू नकोस. चांगलं हेल्मेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. बाकी हौस नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- चेन: साधारण दर ५०० किमीला, पावसात त्याआधीच, साफ करून ल्यूब (चेनचं वंगण) मार. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून फडकं लावशील तर बोटं जातील.
- ट्यूब: पुढचं चाक २१ इंची. गावातल्या पंक्चरवाल्याकडे ती ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नकोस, एक जवळ ठेव.
- वजन: जवळजवळ २०० किलोची गाडी उभ्या-उभ्याच जास्त पडते. यू-टर्न घेताना, उतारावर पाय टेकताना. पडली की आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) दाब. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर उघडून ठेव, म्हणजे उचलल्यावर पलीकडे आडवी होणार नाही. मग गाडीला पाठ लावून पायांच्या जोरावर उचल. कंबरेने उचललीस तर सुट्टी दवाखान्यात जाईल.

घाटात न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. खालच्या गिअरात उतर.

सस्पेन्शन, ऑफरोड टायर वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नकोस. दोन-तीन हजार किमी होऊ देत, मग बोलू.